सिस्टरचा राजीनामा आपल्याला परवडणार नाही



मी निवृत्त पाठ्यनिर्देशिका आहे. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुली, आणि अलीकडच्या वर्षांत मुलगेही, आज, मे २०२१ मध्ये, राज्यभरातल्या कोविड वॉर्डांत काम करत आहेत. पूर्वी त्यांचे फोन यायचे ते बदलीबद्दल, बढतीबद्दल, नाहीतर मुलाचे दहावीचे मार्क सांगायला. एप्रिलपासून फोन रात्री उशिरा येतात, ड्युटीवरून येऊन, अंघोळ करून, कपडे गरम पाण्यात भिजवून झाल्यावर. इकडचं तिकडचं दोन मिनिटं बोलून होतं आणि मग तोच प्रश्न येतो: "मॅडम, सोडून देऊ का?"

हे आवाहन मी तुम्हाला करते आहे, सरकारला नाही. सरकारकडे मागायचं ते परिचारिकांच्या संघटना मागत आहेत आणि त्यातलं थोडं मीही पुढे मागणार आहे. पण या मुली सोडून जाण्याची जी कारणं सांगतात, त्यांतली पुष्कळशी आपल्या घरात, आपल्या सोसायटीत, आपल्या गावात घडतात. ती थांबवायला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आधी परिस्थिती काय आहे ते बघू. १८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले. सप्टेंबर २०२० मध्ये, पहिल्या लाटेच्या सर्वांत वाईट दिवशीही हा आकडा २५ हजारांच्या आत होता. साथ सुरू झाल्यापासून आपण खाटा वाढवल्या. मुंबईत वरळी, गोरेगाव, वांद्रे-कुर्ला संकुल इथे जंबो केंद्रं उभी राहिली, पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर उभं राहिलं. ऑक्सिजन विशाखापट्टणमहून रेल्वेने आणला. व्हेंटिलेटर आले. पण अधिपरिचारिका घडायला तीन-चार वर्षं लागतात आणि अतिदक्षता विभागात विश्वासाने खाट सोपवावी इतकी तयार व्हायला त्यापुढे आणखी काही. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला एक सिस्टर, असा नियम मी फळ्यावर लिहून शिकवला. आज त्याच मुली चार-चार, सहा-सहा खाटा सांभाळत आहेत. त्यांतली एक निघून गेली की तिच्या खाटा उरलेल्या दोघींत वाटल्या जातात, आणि मग त्या दोघींपैकी एक मला फोन करते.

वॉर्डातली एक साधी गोष्ट सांगते, कारण आत काय चालतं हे नातेवाइकांना दिसत नाही. एका रुग्णाला सलाइन लावायची आहे. त्याला धाप लागली आहे, हात गार पडला आहे, शिरा आत गेल्या आहेत. एरवी सिस्टर बोटाच्या टोकाने चाचपून शीर शोधते. इथे एकावर एक दोन हातमोजे आहेत. फेस शील्डवर वाफ धरली आहे, आतल्या चष्म्यावरही धरली आहे आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही म्हणून पुसता येत नाही. मान तिरकी करून, शील्डच्या कडेला बोटभर जागा स्वच्छ उरलेली असते, तिच्यातून ती बघते. पहिली सुई फसते. तेवढ्यात पलीकडच्या खाटेचा मॉनिटर वाजायला लागतो, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ७४. तिथल्या आजोबांनी जीव घाबरला म्हणून श्वासाला मदत करणारा बायपॅपचा मास्क ओढून काढलेला असतो. हातातलं काम अर्धवट टाकून धावावं तर हा रुग्ण जातो, थांबावं तर तो. कक्षसेवक मामांना हाक मारावी तर मामा खाली सिलिंडर आणायला गेलेले. हे एका ड्युटीत एकदाच घडत नाही.

पीपीई किट अंगावर चढलं की सहा तास, रिलीव्हर आली नाही तर आठ तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. म्हणून ड्युटीच्या आधीपासूनच मुली पाणी पिणं थांबवतात. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना सांगायला नको. कित्येक जणी डायपर बांधून उभ्या राहतात. किट उतरवल्यावर कानामागे, नाकावर वळ उठलेले असतात आणि कपडे पिळून पाणी काढावं इतके भिजलेले असतात.

आणि तरी सांगते, काम जड आहे म्हणून सोडते असं म्हणणारी मुलगी मला अजून भेटलेली नाही. स्वतःला आजार होईल ही भीती गेल्या वर्षी फार होती. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले, रुग्णालयच बंद करावं लागलं, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. १६ जानेवारी २०२१ पासून लस आधी त्यांनाच मिळाली, त्यामुळे ती भीती थोडी ओसरली आहे. आजची कारणं वेगळी आहेत.

माझ्या एका अतिशय हुशार विद्यार्थिनीने मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही शिकवलं तसं नर्सिंग मी करतच नाहीये. मी नुसती धावतेय." रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पालथं झोपवायचं तर चार जणांनी मिळून झोपवायचं, तोंड पुसायचं, दोन शब्द बोलायचे, हे तिला येतं. ते केलं तर काही रुग्ण वाचतात हेही तिला ठाऊक आहे. पण करायला माणसं नाहीत. काय करायला हवं ते माहीत असताना ते न करता घरी यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवा रुग्ण बघायचा. हे मनाला आतून पोखरतं. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि थोड्याच वेळात २० हून अधिक रुग्ण गेले. त्या बातमीत आपण मृतांची संख्या वाचली, नातेवाइकांचा आक्रोश पाहिला, आणि ते योग्यच होतं. पण त्या वेळी त्या वॉर्डात ड्युटीवर असलेल्या सिस्टरना पुढच्या पाळीला पुन्हा त्याच दारातून आत जायचं असतं, हाही विचार मनात येऊ द्या.

अशा अवस्थेत बाहेर आलेल्या मुलीला जिन्यात नातेवाईक अडवतात. "तुम्ही मारलंत आमच्या माणसाला." कुणी हात उगारतो, कुणी मोबाइल समोर धरून चित्रण करतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातातली फाइल हिसकावून तिच्या तोंडावर फेकली. ती त्या दिवशी रडली नाही. चार दिवसांनी फोनवर रडली, आणि मग राजीनाम्याचं बोलली.

कायदा आहे. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०२० मध्ये केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हात टाकला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. पण गुन्हा नोंदवायचा म्हणजे रात्रभर ड्युटी केलेल्या मुलीने पोलीस ठाण्यात जाऊन बसायचं, मग कोर्टाच्या तारखा. बहुतेक जणी नको म्हणतात आणि गप्प बसतात. म्हणून माझी पहिली विनंती रुग्णाच्या नातेवाइकांना आहे. तुमचं दुःख खरं आहे, तुमचा रागही मला कळतो. आतल्या माणसाची खबर मिळत नाही तेव्हा जीव टांगणीला लागतो. पण कुटुंबातल्या एकाच व्यक्तीचा नंबर वॉर्डात द्या, विचारपूस त्यानेच करावी आणि बाकीच्यांना कळवावं. एका रुग्णासाठी सात नातेवाईक सात फोन करतात, तेव्हा सिस्टर खाटेपासून सात वेळा दूर जाते. रेमडेसिव्हिर इंजेक्शन मिळालं नाही म्हणून तिच्याशी भांडू नका. ते आणणं तिच्या हातात नाही, आणि ते देणं-न देणं डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आणि जमावात कुणाचा हात उचलला जाताना दिसला तर तुम्ही मध्ये पडा. नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने "थांब रे" म्हटलं तर पुष्कळ प्रसंग तिथेच निवळतात. हे मी वॉर्डाच्या दारात उभी राहून अनेकदा पाहिलं आहे.

आता घरमालकांशी आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांशी बोलायचं आहे. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून आपापल्या राज्यांत परतल्या. त्यांत मणिपूरच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. पगार वेळेवर नाही, संरक्षणाची साधनं पुरेशी नाहीत, शेजारीपाजारी वाईट वागवतात, रस्त्यात हिणवतात, ही कारणं त्यांनी सांगितली. त्या गेल्यावर त्या शहरातल्या वॉर्डांचं काय झालं असेल याची कल्पना करा. आपल्या मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांत केरळच्या, ईशान्येच्या, विदर्भ-मराठवाड्याच्या मुली भाड्याच्या खोल्यांत तिघी-चौघी मिळून राहतात. "तुम्ही लिफ्ट वापरू नका", "पुढच्या महिन्यात खोली रिकामी करा", "दूधवाला तुमच्या मजल्यावर येणार नाही", ही वाक्यं मी त्यांच्या तोंडून ऐकली आहेत. वॉर्डात किट, मास्क, हातमोजे घालून काम करणारी आणि लसीचे दोन्ही डोस घेतलेली मुलगी लिफ्टमध्ये उभी राहिली तर तुम्हाला फारसा धोका नाही. मोठा धोका आहे तो मास्क हनुवटीवर ओढून गप्पा मारणाऱ्या आपल्या ओळखीच्या माणसाकडून. सोसायटीने लेखी ठराव करावा की आपल्या इमारतीत राहणाऱ्या कुठल्याही आरोग्य कर्मचाऱ्याला अडवलं जाणार नाही, आणि तो नोटीस बोर्डावर लावावा. तिला रोजच्या जेवणाचा एक डबा मिळाला तरी तिची झोप तासभर वाढते.

घरच्या माणसांशी बोलणं सगळ्यांत अवघड, कारण तिथे प्रेमही आहे. कंत्राटावरच्या मुलींच्या घरून दबाव फार येतो. "एवढ्याशा पैशासाठी जीव धोक्यात कशाला घालतेस? लेकराकडे बघ." नवरा चांगला असतो, सासू चांगली असते, आणि तरी रोज जेवताना हाच विषय निघतो. मूल आईकडे धावतं तेव्हा त्याला ओढून मागे नेतात. ती बाहेरच्या खोलीत वेगळ्या ताटात जेवते. घरच्यांना माझं सांगणं आहे, काळजी जरूर घ्या, पण तिने काय ठरवावं हे तिच्यावर सोडा. मुलांना आत्याने, मावशीने, आजोळाने महिनाभर सांभाळायचं ठरवलं तर तिचा निम्मा जीव भांड्यात पडेल. घरातल्या ४५ वर्षांवरील सगळ्यांनी लस घेतली तर तिची मोठी भीती जाईल. ती अजून घेतली नसेल तर उद्या जा.

कंत्राटाचं म्हटलं म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण शहाण्या माणसांनाही ती माहीत नसते. गेल्या वर्षी साथ भरात असताना तीन-तीन महिन्यांच्या आदेशांवर परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक, डॉक्टर घेतले गेले. हिवाळ्यात रुग्ण कमी झाले, केंद्रं बंद झाली आणि या लोकांना कार्यमुक्तीचं पत्र मिळालं. दिवाळीनंतर त्यांतल्या कित्येक मुली घरी बसल्या होत्या, कुणी दुकानात काम धरलं. मार्च उजाडला आणि फोन आले, परत या. बहुतेक जणी परत आल्या. पण आता त्यांना ठाऊक आहे की लाट ओसरली की पुन्हा तेच पत्र येणार. अशा मुलीला खासगीत कायमची नोकरी मिळाली, परदेशातून बोलावणं आलं किंवा घरच्यांनी हट्ट धरला, तर ती का थांबेल? तिला मी काय सांगू? म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमचा नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, आमदार मदतकार्याचे फोटो टाकतो तेव्हा त्याला विचारा: आपल्या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? कंत्राटी लोकांचा गेल्या महिन्याचा पगार झाला का? सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्येच बजावलं आहे की डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार थकवता कामा नयेत. तरी प्रश्न विचारणारं कुणी नसेल तर पगार थकतातच. केंद्राने २०२० मध्ये कोविडने दगावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. तो आपल्या गावातल्या कंत्राटी सफाई कामगाराच्या कुटुंबापर्यंत पोचला का, हेही विचारा.

निवासी डॉक्टरांची गोष्ट अशीच आहे. १८ एप्रिल २०२१ ला होणारी नीट पीजी ही पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पुढे ढकलली गेली, मग ती निदान चार महिने होणार नाही असं ठरलं. म्हणजे पहिल्या वर्षाची नवी तुकडी येणार नाही, आणि आहेत त्याच मुलांनी तिचंही काम ओढायचं. गेल्या वर्षभरात त्यांचं स्वतःच्या विषयाचं शिक्षण जवळपास थांबलं आहे. हाडांचा डॉक्टर व्हायला आलेला मुलगा वर्षभर कोविड वॉर्डातच आहे.

आणि आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तुमच्या दाराशी येऊन ताप मोजणारी तीच. या जादा कोविड कामासाठी केंद्राने तिला महिन्याला १,००० रुपये ठरवले, म्हणजे दिवसाला ३३. तिला दारातून हाकलू नका, खोटी माहिती देऊ नका. उन्हातून आली असेल, पाणी विचारा.

आणखी एक विनंती, वक्ते आणि लेखकांना. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांची तसबीर आमच्या वर्गात होती आणि मी दरवर्षी मुलींना ती गोष्ट सांगितली. पण आज सावित्रीबाईंचं नाव घेऊन या मुलींकडे त्याग मागू नका. प्लेगच्या त्या साथीत लोकांकडे ना औषध होतं, ना संरक्षणाची साधनं. आज संरक्षणाची साधनं आहेत. ते पुरवणं आपलं काम आहे. २२ मार्च २०२० ला तुम्ही टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, पुढे मे महिन्यात हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं उधळली, तेव्हा पुष्कळ मुलींना भरून आलं होतं, मलाही आलं होतं. ते प्रेम खरं होतं असं मी मानते. त्याच प्रेमाने आता गर्दी टाळा. २२ एप्रिल २०२१ पासून लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, असा नियम लागू झाला, मोडला तर पन्नास हजार दंड. पण दंडाच्या भीतीने नको. त्या मांडवातून निघालेला रुग्ण आठ-दहा दिवसांनी ज्या वॉर्डात पोचतो तिथे आधीच सिस्टर सहा खाटांमागे धावते आहे, म्हणून लग्न पुढे ढकला.

काही जणी तरीही सोडतील. कुणी गरोदर आहे, कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचं मन पार थकलं आहे. त्यांना पळपुटी म्हणू नका. वर्षभर उभी राहिलेली बाई थांबते तेव्हा तिला विश्रांती हवी असते. महिनाभराची रजा आणि बिगर-कोविड वॉर्डातली ड्युटी मिळाली तर त्यांतल्या कित्येक परत येतील. रुग्णालयांच्या प्रशासनाने राजीनामा स्वीकारण्याआधी एवढं तरी विचारावं.

शेवटी माझ्यासारख्या निवृत्त परिचारिकांना, आणि लग्नानंतर नोकरी सोडलेल्या पण नोंदणी असलेल्या सगळ्यांना. १२ मे, परिचारिका दिन, तोंडावर आला आहे. त्याची वाट बघू नका. वय झालं असेल, आजार असेल तर वॉर्डात जायचा आग्रह मुळीच नाही. पण नातेवाइकांना खबर देणं, ते आणतात ती औषधं घेऊन आत पाठवणं, डिस्चार्जच्या वेळी घरी काय काळजी घ्यायची ते समजावणं, ही कामं किट न घालता बाहेरच्या मदत कक्षातून होतात आणि आज तीही आतल्याच मुली करत आहेत. मी आमच्या जिल्हा रुग्णालयात सकाळी नऊ ते एक या वेळात हे काम करते. तुमच्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात किंवा महापालिकेच्या कोविड वॉर रूममध्ये जाऊन नाव द्या. जाताना नोंदणीचं प्रमाणपत्र, लस घेतल्याचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड न्या. अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना, भेटून विचारा की कुठली पाळी सगळ्यांत कमी माणसांवर चालते आहे, आणि ती घ्या.